लिफाफ्यातला आकडा

अर्थशास्त्राच्या त्या बाईंना सगळे 'समजाबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांचं दर तिसरं वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं. समजा सोफ्याचं कापड महागलं, समजा व्याजदर उतरला, समजा शेजारीच दुसरी लाँड्री निघाली. घरी नवऱ्याने चहा हवा का विचारलं, तरी त्या म्हणत, "समजा नाही घेतला तर?" तो बिचारा किटली हातात धरून उत्तराची वाट पाहत उभा राहायचा.

वर्ग सकाळी सात ते नऊ, दुकानं उघडायच्या आत, संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर. शिकणारे सगळे धंद्यातले: चावीवाला, लाँड्रीवाली, सोफेवाला असे. एका सहामाहीत एका दुकानाचं अर्थशास्त्र, दुसरीत अख्ख्या देशाचं. कोणतीही आधी घेतली तरी चालायची. यंदा जेमतेम अकरा जण होते आणि तेही जवळच्याच दोन गल्ल्यांतले. संचालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुढच्या सहामाहीला पंधरा जणांइतकी फी जमली नाही, तर वर्ग बंद. कुणाच्या तरी रेकॉर्ड केलेल्या तासांवर भागवू. अर्ध्या फीत होतं." चोवीस वर्षं शिकवून हे ऐकायची वेळ आली, याचा बाईंना मनापासून राग आला. मग त्यांनी संचालकांनाच आमंत्रण दिलं. तिसऱ्या आठवड्यातला खेळ बघा, म्हणाल्या, आणि मग ठरवा.

खेळ त्यांचा हुकमी एक्का होता. निम्मे विक्रेते, निम्मे गिऱ्हाईक. प्रत्येकाला एक गुप्त चिठ्ठी: विक्रेत्याने कितीच्या खाली विकायचं नाही, गिऱ्हाइकाने कितीच्या वर घ्यायचं नाही. माल एकच, काल्पनिक, सगळ्यांचा सारखा. मग खुशाल ओरडा आणि सौदे करा. सगळ्या चिठ्ठ्यांवरून भाव कुठे ठरेल याचं गणित बाई आधीच मांडत आणि आकडा लिफाफ्यात घालून फळ्याला चिकटवत. तीन फेऱ्यांत भाव तिथेच यायचा. इतक्या वर्षांत एक-दोनच्या वर चूक नाही. लिफाफा उघडला की टाळ्या पडायच्या. यंदाचा आकडा होता बेचाळीस.

संचालक मागच्या बाकावर बसले आणि खेळ सुरू झाला. पहिल्या फेरीत सौदे पस्तीसपासून अठ्ठावन्नपर्यंत झाले. होतं असं पहिल्यांदा, बाई मनात म्हणाल्या. दुसरी फेरी तशीच गेली. तिसरीत तर चावीवाला घसा फोडून "अडतीस, अडतीस" ओरडत होता आणि त्याच्या शेजारून जाऊन लाँड्रीवालीने सोफेवाल्याकडून पंचावन्नला माल घेतला. मागच्या बाकावर घड्याळ पाहिलं गेलं. बाईंनी फळ्यावरच्या लिफाफ्याकडे पाहिलं. आता सारवासारव करावी का? 'साधारण त्याच सुमाराला' असं म्हणून पुढे जाणं काही अवघड नव्हतं. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे कळल्याशिवाय या बाईला जेवण गेलं नसतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझा आकडा बेचाळीस होता. साफ चुकला. आता मला सांगा, का चुकला?"

त्यांनी लाँड्रीवालीलाच गाठलं. "अगं, अडतीसला मिळत असताना पंचावन्न का दिलेस?"

"बाई, माझ्या दुकानाचं कुलूप बदलायला हा तीन आठवडे 'उद्या येतो' म्हणतोय. अजून येतोच आहे."

वर्ग खो खो हसला. चावीवाल्याचे कान लाल झाले.

"पण हा माल खोटा आहे ना? चिठ्ठीवरचा!"

"माल खोटा असेल बाई. माणूस तर खराच आहे."

बाईंनी पहिल्या दिवशी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं: सगळे विक्रेते सारखे. आजवरच्या वर्गांत माणसं एकमेकांना अनोळखी असत, तिथे ते खरं ठरायचं. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला अंतर्बाह्य ओळखत होता. बाई उरलेला तास एकेकाला विचारत सुटल्या: तू कुणाकडून घेतलंस, किती जास्त दिलेस, कशासाठी? संचालक बसलेत हे त्या विसरूनच गेल्या.

शेवटी संचालक उठले. "प्रयोग फसला, बाई. बरं, अर्ध्या फीत रेकॉर्ड केलेले तास कुणाला चालतील?"

तीन हात वर झाले, त्यात लाँड्रीवालीचाही होता. "वाईट वाटून घेऊ नका बाई, मला मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या असतात."

वाईट वाटलंच. तरी त्यांनी कारण वहीत लिहून घेतलं. आणि मग तोंडातून निघून गेलं, "समजा, दुप्पट फी, पण समोर मी?"

आठ हात वर झाले. पहिला चावीवाल्याचा.

"तू का रे?"

"माझ्याकडे गिऱ्हाईक का टिकत नाही ते मला आज कळलं. मला 'नाही' म्हणताच येत नाही, सगळ्यांना 'उद्या' सांगतो."

"आठ दुणे सोळा," संचालक पुटपुटले. "पंधराच्या वर जातंय खरं. पण हात वर करायला पैसे पडत नाहीत."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "माझाही हातांवर विश्वास नाही. दुप्पट फीची पाटी लावा. आठ आले नाहीत, तर बंद करा."

प्रवेशाच्या आठवड्यात बाई रोज सकाळी कचेरीत जाऊन नोंदवही पाहून येत. हात वर करणाऱ्या आठांतले चारच आले. शुक्रवारी त्यांनी कपाटातली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली.

शनिवारी कारकुनाचा फोन आला: नऊ झाले. पाच जण नवे, एकाचीही बाईंशी ओळख नाही. बाई धावतच जिना चढल्या. आनंद झालाच होता, पण त्याहून मोठं कोडं पडलं होतं: दुप्पट फी भरून अनोळखी माणसं का आली? कचेरीच्या खिडकीपाशी जुन्या टायरांची एक व्यापारीण पावतीची घडी करत उभी होती. बाईंनी तिलाच अडवलं.

"इथे काय ऐकून आलात हो तुम्ही?"

"माझ्या गोदामाच्या कुलपाला तो चावीवाला आला होता," ती म्हणाली. "तो सांगत होता, तिथल्या बाई सगळ्यांच्या देखत 'माझं चुकलं' म्हणाल्या, आणि मग का चुकलं ते विचारत बसल्या."