मुशीचं तेल लावलेली गाडी

बाबांची एकच हौस होती. मी सासरी जाईन ती त्यांच्या गाडीतून. आणि गाडी तर चाकं उतरवून नारळीखाली चिऱ्यांवर बसलेली. बोटीवरची नोकरी सोडली तेव्हा मुंबईहून घेतलेली ती आठ सिलिंडरची लांबलचक अमेरिकन गाडी एका पावसाळ्यात बंद पडली, ती पडलीच. आई तिला 'ते धूड' म्हणायची. माझं लग्न ठरलं तसं तिने सांगून टाकलं, "मांडव घालायच्या आत चाललं तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला देणार."

मग काय, बाबांनी बाह्या सरसावल्या आणि मीही. हळद लागायची त्या हातांना ग्रीस फासलं म्हणून आई कपाळ बडवून घ्यायची. मला मात्र असं काही चढलं होतं की विचारू नका. डोळे उघडले की गाडी, मिटले तरी गाडी. कार्बुरेटर आणि वॉटर पंप चुलतभावाने मुंबईच्या जुन्या बाजारातून शोधून एसटीने पाठवले. रेडिएटरचा पाइप मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरवाल्याने दिला, तो चपखल बसला. पुढची मूळ जाळी काही मिळेना. शेवटी सापडली कुठे, तर आमच्याच परसात. आईने ती खुराड्याला दार म्हणून लावली होती.

"कोंबड्या काय पदरात बांधू?" आई म्हणाली. बाबांनी आधी खुराड्याला फळ्यांचं दार केलं, मगच जाळी गाडीला परत मिळाली.

खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेला. बाबा म्हणाले, "होडीला काय लावतात गो बाय? तेच हिला लावू." मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, तेलाचा डबा आला. आम्ही दोघं गाडीखाली उताणे पडून ब्रशने दोन हात दिले. वासाचं म्हणाल तर आमच्या मच्छीमारांच्या वाडीत तो कोणाला जाणवणार?

आणि गाडी चालू झाली. काय तो आवाज. नारळीवरचे कावळे उडाले, मी अंगणात नाचले आणि आई हातातला डाव घेऊन तशीच बाहेर आली. "चालली हो," एवढंच म्हणाली आणि हळदकुंकू आणायला आत गेली.

माझं सासर पावसच्या बाजूला, घर माळकरी. मासळीचं नावसुद्धा निघत नाही. लग्न लागलं, बाबा स्टिअरिंगवर बसले, मागे मी, नवरा आणि सासूबाई. भाट्याचा पूल ओलांडला, चढ लागला, इंजिन तापलं, आणि ते तेल खालून जे काही दरवळलं, म्हणता सोय नाही. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. आरशात बाबांचा चेहरा एवढासा झालेला दिसला.

"थांबवू का गो बाय?" त्यांनी हळूच विचारलं.

चढावर थांबली असती तर ती पुन्हा हलली नसती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. मी नवी नवरी, शेजारी सासू. तरी म्हटलं, "थांबायचं नाही बाबा. दुसरा टाका." नवऱ्याने हसत काच खाली केली. गाडी कुंथत कुंथत चढली आणि वर सड्याचा सपाट माळ लागताच अशी काही पळाली की माझा ऊर भरून आला.

बाबा चहालाही थांबले नाहीत. ओशाळले होते. मी उंबऱ्यात उभी राहून गाडीचा आवाज ऐकत होते. तो पार ऐकू येईनासा झाला. पाठवणीला माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, सगळ्यांनी नावं ठेवली होती. आता मात्र मला आवरेना.

सासूबाई म्हणाल्या, "शालू काढून दे, वाऱ्यावर टाकते. वास जाईल."

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हटलं.

मी शालू उतरवला, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच त्याची घडी घातली आणि माझ्या उशाशी ठेवली.