धून काय पोळी आहे उलटायला?

देश सोडून परदेशात, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात आलो त्याच आठवड्यात बायको पहाटे रियाजाला बसली आणि शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" बिचारीने काळजीपोटीच विचारलं होतं. त्या दिवसापासून बायकोचं गाणं बंद. मुलगी इथे जन्मली, शाळेत जायला लागली, पण आईचं गाणं तिने कधी ऐकलं नव्हतं. मला ते फार लागायचं. विषय काढला की बायको म्हणायची, "आणि डबे कोण भरणार?"

घर अगदीच मुकं नको म्हणून पन्नाशीत मीच पियानो शिकायला लागलो. सुधारणेला भरपूर वाव होता. जवळच्याच अवोन्डेल उपनगरातल्या माझ्या शिक्षिकेने युरोपातल्या जुन्या नाचाची एक धून दिली, 'जीग' नावाची. तिचे दोन भाग. दुसऱ्या भागात पहिल्याचीच धून उलटी करायची: जिथे सूर चढले होते तिथे तेवढेच उतरायचे, उतरले होते तिथे चढायचे. "ईझी, स्वीट ॲज," बाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत एकदम सोप्पं. त्यांचं काय जातंय!

रविवारी दुपारी मी माझा इलेक्ट्रिक पियानो हेडफोन न लावता वाजवत होतो. दुसरा भाग सुरू होताच स्वयंपाकघरातून आवाज आला, "चुकलं!"

"नाही गं, असंच आहे. धून उलटी केलीय."

ती कणकेच्या हातांनी बाहेर आली. "धून काय पोळी आहे उलटायला? चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी. भीमपलास उलटा केला तर काय होतं, ऐक."

आणि निव्वळ माझी जिरवायला तिने भीमपलासात चढताना नको ते रिषभ-धैवत घालून दाखवले. तिचंच तोंड वाकडं झालं. मग ती चव घालवायला म्हणून खरा भीमपलास गायली. आवाज गंजला होता, सुरुवातीला फाटलाही. पण ती थांबेना. मी मान खाली घालून पट्ट्यांकडे बघत बसलो. वर पाहिलं असतं तर रडलो असतो.

खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, हूज दॅट सिंगिंग?"

गाणं सोडून बायको हातावरची वाळलेली कणीक खरवडायला लागली.

"तुझं ते उलटं परत वाजव," मग ती मला म्हणाली. "चुकलास की सांगते."