पुडीच्या रंगाची जाहिरात

गरम पाण्यात कालवलेल्या पुडीच्या रंगाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. आमचं म्हैसूरचं घराणं कापड रंगवणारं, म्हणून मी झाडपाल्याच्या रंगांवर ब्लॉग लिहिते. विषय बघून त्यावर आपोआप पुडीच्या रंगांच्या जाहिराती यायच्या, आणि कमाई जवळजवळ सगळी त्यांचीच असायची. एका सकाळी वडिलांनी ते पाहिलं आणि कॉफी खाली ठेवली. "ह्या पुड्यांनीच आपली भट्टी विझवली. बेडा, आपल्याला नको ते. काढून टाक." त्यांचं कानडी 'बेडा' म्हणजे ठाम 'नको', म्हणून मी जाहिरातींचा तो प्रकारच बंद केला. मग घोरणं थांबवणाऱ्या उशा आणि ज्योतिषी येऊ लागले. त्यांच्याकडे माझे वाचक ढुंकूनही बघेनात, आणि इंटरनेटचं बिलसुद्धा निघेना. दसऱ्याच्या तोंडावर घरात शिरले तर हाच वास. न्हाणीघरात वडील जुना पडदा बादलीत बुडवून काठीनं ढवळत होते, हात कोपरापर्यंत निळे. "पुडी कुठली ही?" मी विचारलं. "चांगली आहे. नाव लक्षात होतं," ते शांतपणे म्हणाले, "तुझ्याच ब्लॉगवर बघितलेलं." तो पडदा माझ्या टेबलासमोर आहे, रंग जराही उतरलेला नाही. पुडीच्या रंगांच्या जाहिराती मात्र बंदच आहेत, कारण ते 'बेडा' त्यांनी अजून मागं घेतलेलं नाही.