रॅम्पखाली अडकलेली जाळी

श्रावणातला रविवार होता. आदल्या दुपारपासून पाऊस थांबला नव्हता आणि सकाळपासून मी चार वेळा गेटपर्यंत जाऊन आले होते. चहा गॅसवर ठेवायचा, गाळायच्या आधीच छत्री उचलून बाहेर पडायचं, गटारात पाणी किती चढलं ते बघायचं आणि परत येऊन उतू गेलेला चहा पुसायचा. दुसऱ्या वेळेनंतर मी चहाचा नाद सोडला. गाडी मात्र उजाडताच बाहेर काढून वरच्या मैदानात नेऊन लावली होती. त्या दिवसात मी शहाणपणाने केलेली तेवढी एकच गोष्ट.

आमचं घर सड्याच्या उतारावर आहे. वरच्या कातळावर पडलेलं सगळं पाणी वाडीच्या रस्त्याकडेच्या गटारातून खाली येतं. आमचं गेट आणि रस्ता यांच्यामध्ये हेच गटार. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा गटारात बारा फुटांचा सिमेंटचा पाइप टाकला आणि त्यावर काँक्रीटचा रॅम्प केला. रस्त्याच्या पलीकडे, दोन पायऱ्या उतरून, मूर्तिकाराची गणपतीची शाळा. वाडीतलं प्रत्येक घर आपला पाट नागपंचमीच्या आत तिथे नेऊन ठेवतं आणि त्या घराचा गणपती त्याच पाटावर घडतो. आमचाही.

त्या सकाळी शाळेत शंभरेक गणपती होते. फळ्यांवरचे सुकून पांढरे झालेले. पण बारा-पंधरा मूर्ती त्याच आठवड्यात केलेल्या, अजून ओल्या, त्यांचे पाट खाली जमिनीवर एकेका विटेवर मांडलेले. शाडूची मूर्ती भाजत नाहीत. पाणी लागलं की ती पायापासून पुन्हा माती व्हायला लागते. आणि ओली मूर्ती घाईने उचलली की तिचा हात तरी जातो, नाहीतर सोंड.

रॅम्पच्या वरच्या अंगाला पाणी तुंबत चाललं होतं. आणखी वीतभर चढलं असतं तर ते रॅम्पवरून रस्त्यावर आलं असतं आणि रस्ता ओलांडून सरळ शाळेच्या दारात गेलं असतं. उतार तसाच आहे, पाण्याला दुसरी वाट नव्हती.

आता जाळीबद्दल सांगते. दर वर्षी मे महिन्यात मी दोन्ही तोंडांकडून बांबू घालून पाइप साफ करते. या वर्षी मला वाटलं, गळलेल्या पानांचा पातेरा आतच जाऊ दिला नाही तर साफ करायची वेळच येणार नाही. म्हणून कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची लोखंडी जाळी कापून वरच्या तोंडाला लावली, तारेने घट्ट बांधली. स्वतःवर खूश होऊन दोन दिवस येताजाता बघत होते. जून-जुलैत जाळीवर साठलेली पानं मी रोज काठीने ओढून काढायचे. नंतर आठवडाभर तापाने पडले आणि ते राहिलं.

पाचव्या खेपेला मी छत्री ठेवून दिली, नवऱ्याचा जुना रेनकोट चढवला आणि गटारात उतरले. पाणी मांडीपर्यंत. तोंडाशी हात घालून पाहिलं तर जाळी नव्हतीच. तुटलेली तार तेवढी हाताला लागली. पानांचा भार झाला, मागून पाण्याचा रेटा आला आणि जाळी दुमडून आत गेली होती. आता पाइपाच्या पोटात आडवी बसून येईल ते सगळं अडवत होती. मी बांबू आत घातला. सात फुटांवर तो अडला आणि खण्ण आवाज आला. जोरात ढोसलं. आणखी घट्ट बसली असावी, कारण पाइपाच्या खालच्या तोंडातून येत होतं तेवढंही पाणी कमी झालं.

मी बाहेर येईपर्यंत पाणी रॅम्पवर आलं होतं.

पलीकडून मूर्तिकाराची बायको ओरडली, "ताई, तुमच्या दारातनं येतंय हो सगळं!"

"दिसतंय मला! ओल्या मूर्ती वर घ्या!"

"कशा घेऊ? हात लावला की बोटं उमटतायत!"

तिचा नवरा दारात शाडूच्या गोण्या रचत होता. मूर्ती करायला आणलेली माती, तिचाच बांध. त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. ते पाहणं मला समजलं. चार वर्षांपूर्वी पाइप टाकताना तो इथेच, गटाराच्या कडेला, बसला होता. गवंड्याला म्हणाला होता, मधोमध झाकण ठेव, हात घालायला जागा पाहिजे. गवंडी तयार होता. नको म्हणाले ती मी. गाडी गेली की झाकण खडखडतं, आणि पाइपात हात घालायची वेळ कशाला येईल, असं माझं म्हणणं.

मी घरात गेले, पहार घेतली. तेवढ्यात मुंबईहून नवऱ्याचा फोन. तो तिथे नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. फोन उचलायलाच नको होता.

"पाऊस कसा काय आहे?"

"रॅम्प फोडायला चालल्ये."

"काय फोडायला?"

सांगितलं. दोन वाक्यांत.

"अगं, थांब जरा. उद्या गवंड्याला बोलाव. तो पाइप कसा काढायचा ते बघेल. तू उगाच..."

"अहो, उद्यापर्यंत गणपती विरघळतील."

"आपला?"

"आपला वर फळीवर आहे. सुका."

"मग गाडी आत कशी घेणार?"

मी फोन ठेवला. त्याच्यावर राग नव्हता. पाच मिनिटांपूर्वी हाच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता.

बांबू सात फुटांवर अडला होता, म्हणून तोच रॅम्पवर आडवा धरून सात फूट मोजले आणि तिथे वीट ठेवली. पहारीचा पहिला घाव. काहीच नाही, नुसत्या हाताला झिणझिण्या. दुसरा, तिसरा. काँक्रीट चांगलं झालं होतं, मीच उभी राहून करून घेतलं होतं. घावागणिक पाणी उडून तोंडावर यायचं. पावलं पाण्यात होती आणि ते पाणी माझ्या पायांवरून रस्त्याकडे चाललेलं मला जाणवत होतं. दर चार घावांनी मान वळवून शाळेकडे बघायचं आणि पुन्हा मारायचं. बघून काही उपयोग नव्हता, पण राहवत नव्हतं.

आठ-दहा घावांनंतर कोणीतरी मला बाजूला सारलं. मूर्तिकार घण घेऊन आला होता.

"दादा, तुम्ही मूर्ती बघा. हे मी करत्ये."

"मूर्तींकडे बघत बसून पाणी थांबतं काय? पहार धरा. सरळ धरा, माझ्या हातावर पाडू नका. हाताचंच काम हाय माझं."

मी पहार धरली, त्याने घण घातला. तिसऱ्या घणाला तडा गेला.

"वहिनी, झाकण ठेवलं असतंत तर ही जाळी चहा पिता पिता काढली असती."

"आत्ता बोलायलाच हवं का?"

"मग कधी बोलू? नंतर तुम्ही ऐकणार नाय."

तुकडा निघाला, त्याखाली पाइप. तो दोन घावांत फुटला आणि आतलं पाणी कारंज्यासारखं वर आलं. मी पोटावर पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. पानं, चिखल, कुजलेली झावळी, कोणाची तरी चप्पल. मग जाळी. तिची एक तार तळहातात शिरली. मी सोडली नाही. एका हाताने हलेना, म्हणून त्याने कमरेच्या कोयत्याचं वाकडं टोक तिच्यात अडकवलं आणि दोघांनी मिळून ओढली. ती आली तशी भोकाच्या खालून घरघर आवाज झाला आणि सगळा मळ खालच्या तोंडातून बाहेर पडला. रॅम्पवरचं पाणी मिनिटाभरात उतरलं.

मी उठेपर्यंत तो शाळेत पोचला होता.

दारातल्या गोण्यांनी बराच वेळ पाणी धरलं होतं, पण शेवटी ते फटीतून आत शिरलं होतं. त्याच्या बायकोने जमेल तितके पाट दोन विटांवर चढवले होते, तेही एकटीने, एका अंगाने पाट उचलून पायाने खाली वीट सरकवत. नऊ-दहा तरी तिने वाचवलेन. कोपऱ्यात जमीन खोल होती. तिथले तीन राहिले होते. एकाचा उंदीर गेला होता, बैठक गेली होती आणि मूर्ती मागे कलून भिंतीला टेकली होती. दुसऱ्याची मांडी ओघळून पाटावरून खाली आली होती. तिसरा उभा होता, पण पावलं उरली नव्हती. तोंडं तिघांचीही जशीच्या तशी होती. ते जास्त वाईट दिसत होतं.

"हे तीन गेले," तो म्हणाला.

"काय करायचं मग?"

"करायचं काय? पुन्हा करायचे. माती कुठं पळून गेल्ये? खालची गटाराची घाण काढून टाकतो, वरची चांगली हाय." त्याने ओल्या हाताने एकेकाला नमस्कार केला आणि पहिल्याचं डोकं अलगद सोडवून माती परातीत घेतली. "करायला तीन दिवस. सुकायचे कसे ते सांगा. चतुर्थीला तीन आठवडे नायत, आणि इथं भिंतीबी ओल्या झाल्या."

मी मागे वळून आमच्या घराकडे पाहिलं. गाडी वरच्या मैदानात होती. रॅम्पला मधोमध भोक होतं, म्हणजे गणपती होईपर्यंत ती तिथेच राहणार होती. आणि पोर्च कोरडा, रिकामा.

चौथ्या दिवशी आम्ही तिन्ही पाट फळीवर ठेवून रॅम्पच्या भोकाला वळसा घालून पोर्चमध्ये आणले. पुढच्या बाजूला मी ताडपत्री बांधली आणि दोन टेबलफॅन लावले.

त्यानंतरचे दोन आठवडे मी काही धड केलं नाही. भाजी चिरताना उठायचं, पोर्चमध्ये जाऊन बघायचं. वीज गेली की पुठ्ठ्याने वारा घालत उभं राहायचं. पाऊस तिरका झाला की ताडपत्री ओढून धरायची. मातीचा रंग खालच्या बाजूला गडदच राहायचा. मूर्तिकार रोज दोनदा यायचा आणि रोज तेच.

"पंखा मागं घ्या. तडे जातील."

"कालपासून काही फरक पडलेला दिसत नाही."

"दिवसातनं वीस वेळा बघितलंत तर कसा दिसंल? आणि बोट लावू नका."

"लावत नाही."

"हे काय मग?" बैठकीच्या मागच्या बाजूला माझ्या बोटाचा ठसा होता. त्याने पातळ मातीने तो पुसून काढला.

एकाच्या कानामागे तडा गेला, तो त्याने भरला. रंगवायला घेतले तेव्हा चतुर्थीला चार दिवस राहिले होते. रंग त्याने आमच्या पोर्चमध्येच, रात्रीचं जेवण आमच्याकडे करून, पूर्ण केला. डोळे लिहायच्या वेळी मला आत जायला सांगितलं. म्हणाला, तुम्ही उभ्या राहिलात की हात हलतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक गणपती न्यायला आले. त्या तीन घरांनाही शाळेतूनच द्यायचे म्हणून सकाळीच आम्ही मूर्ती पलीकडे नेऊन ठेवल्या होत्या. दोन घरं येऊन पाट आपला आहे ना ते बघून, गणपतीच्या तोंडावर रुमाल घालून गेली. मी रॅम्पवरून बघत होते. गप्प बसायचं, असं मूर्तिकार मला बजावून गेला होता. कोणाच्या मनात उगाच किंतु नको.

तिसरं घर वरच्या वाडीतलं. म्हातारे काका स्वतः आले, डोक्याला चुंबळ बांधून. मूर्ती खाली वाकून बघितली, खूश दिसले. पाट उचलायला वाकले आणि माझ्याने राहवलं नाही. मी रस्ता ओलांडून गेले.

"काका, तुमचा गणपती माझ्या गटाराच्या पाण्यात एकदा विरघळलाय. चूक माझी. हा दुसऱ्यांदा केलेला आहे."

मूर्तिकाराने ब्रश खाली ठेवला. काका कमरेत वाकलेले तसेच राहिले.

"काय सांगत्येस, बाय?"

मी जाळीपासून सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी पाट थोडा कलता केला, खालून बैठकीला अंगठ्याने दाबून बघितलं, वास घेतला.

"सुकलाय ना नीट?"

"सुकलाय."

"मग झालं," ते म्हणाले आणि पाट डोक्यावर घेतला. दोन पायऱ्या चढून रस्त्यावर गेल्यावर वळले. "उद्या दुपारी ये आरतीला. येताना ती जाळी घेऊन ये. माझ्या पडवीला मांजर येतंय."

ते दिसेनासे झाल्यावर मूर्तिकार म्हणाला, "काय गरज होती, वहिनी?"

"नव्हती."

"मग?"

मी घरी आले, जाळी शोधली, हातोडीने ठोकून सरळ केली आणि उद्या विसरायला नको म्हणून गेटला अडकवून ठेवली.