माझ्या फोटोवर तिचा आवाज

"हे काय बोलताय तुम्ही?" म्हणत मॅडमनी माझा मोबाईल स्पीकरवर लावला.

बारामतीतल्या कर्णबधिर मुलांच्या केंद्राचा हॉल; मॅडम तिथं मुलांना बोलायला शिकवतात. आठ-दहा आया, मांडीवर मुलं, मुलांच्या कानांमागं ऐकायचं मशीन. हॉलभर माझा आवाज घुमला. "भाकर. पानी. हितं ये." मध्येच आमची शेळी ओरडली. सगळे हसले. त्यांची तोंडं बघून माझी तीन वर्षांची प्रज्ञाही हसली.

ते ॲप ऐकू न येणाऱ्या लहान मुलांसाठीचं. घरच्या माणसांचे, वस्तूंचे फोटो टाकायचे, त्यावर आपल्या आवाजात शब्द भरायचा. मूल फोटोवर बोट ठेवतं, ऐकतं, हळूहळू बोलायला लागतं. घरी शेळगावात आठवडाभर भर दुपारी पंखा बंद करून, दार लावून, घामाघूम होत मी ते शब्द भरले होते. शेळीचा आवाज तेवढा आत आलाच.

पुढचा फोटो माझ्या सासऱ्यांचा. त्यावर माझा आवाज, "आबा, जयभीम."

मॅडमचा चेहरा बदलला. "हे घरातलं घरात ठेवा. मुलीला चांगले शब्द शिकवायचेत."

त्यांनी माझे सगळे आवाज पुसले. त्याच फोटोंवर स्वतःचा आवाज भरला. मी "बरं मॅडम" म्हणाले. त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. प्रज्ञानं माझ्या फोटोवर बोट ठेवलं. मॅडमचा आवाज म्हणाला, "आई." मी तिला हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मोबाईलकडं. आणि मोबाईलच मशीनपाशी धरला.

मशीन लागून तिला चारच महिने झाले होते. आवाज म्हणजे काय, हे तिला आत्ता कुठं कळत होतं. आणि आईचा म्हणून तिच्या कानात दुसरीच बाई बसत होती. तव्यावरची भाकरी जळली.

आबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तू बरं म्हनलीसच कशापायी?"

पुढच्या गुरुवारी मी केंद्रात गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज पुसलाय मी."

"मुलगी मागं पडेल तुमची."

"मशीनचं, कानाचं तुमी शिकवा, मी शिकते. पर माझ्या फोटोवर तुमी बोलायचं न्हाय. आन् जयभीम चांगलाच शबुद हाय."

या वेळी कुणी हसलं नाही.

प्रज्ञा अजून बोलत नाही. कधी बोलेल, कुणी सांगत नाही. भीती वाटते. तरी रोज दुपारी मी पंखा बंद करते, दार लावते, पुन्हा माझ्या आवाजात शब्द भरते. पहिला फोटो आबांचा. तिचा पहिला शब्द कुठलाही असो, तो आमच्या घरातलाच असेल. मोबाईल आता मी कुणाच्या हातात देत नाही.