संध्याकाळच्या गाडीची जागा

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी नगरपालिकेने बसस्थानकासमोरच्या पथविक्रेत्यांची यादी नोटीस बोर्डावर लावली. त्या रस्त्यावर संध्याकाळी आम्लेट-पाव आणि भुर्जी विकणाऱ्या चाचांचे नाव यादीत नव्हते. त्याच जागेवर सकाळी पोहे विकणाऱ्या मावशींचे नाव होते.

यादीत ज्यांची नावे होती त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र मिळणार होते. बाकीच्यांनी गाड्या हलवायच्या होत्या. त्यांच्यासाठी आठवडे बाजाराच्या मैदानामागे नवे फेरीवाला क्षेत्र आखले होते.

मी या गावात वार्ताहर आहे. सकाळी पेपरच्या अंकांचे गठ्ठे उतरवून घ्यायला बसस्थानकावर जावे लागते, तेव्हा नाश्ता मावशींकडे व्हायचा. बातम्या पाठवून झाल्या की संध्याकाळी चाचांकडे. दोघांची जागा एकच होती. रिक्षा थांब्याच्या अलीकडे, गटारीवरच्या फरश्यांना लागून, एक गाडी मावेल एवढी. दुपारी ती रिकामी असे आणि तिथे मोटारसायकली उभ्या राहत.

चाचांच्या घरात पूर्वी कलईचे काम होते. स्टीलची भांडी आल्यावर ते बंद पडले आणि त्यांनी अंड्यांची गाडी लावली. त्यांचे गिऱ्हाईक संध्याकाळचेच. दिवाळीनंतर धडगावच्या वरच्या पाड्यांतली आणि अक्कलकुव्याकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. जीपने खाली येतात आणि रात्रीच्या बसची वाट बघत बसस्थानकाबाहेर बोचकी टाकून बसतात. त्यांना वाटेत खायला आम्लेट-पाव बांधून हवा असे. चाचा तो कागदात गुंडाळून, वर मिरची ठेवून देत. लहान मुलांच्या पुड्यात मिरची नसे.

मावशी नंतर आल्या. कापसाच्या जिनिंगमधले काम सुटल्यावर त्यांनी चाचांना विचारले की सकाळची जागा मोकळीच असते, तर मी पोह्यांची गाडी लावू का. चाचा म्हणाले, "सकायले मी झोपेल ऱ्हास. बस तू." बोलणे तेवढ्यावर संपले. भाडे ठरले नाही. एकच रीत पडली, की उठून जाणाऱ्याने जागा धुऊन जायची. रात्री गाडी काढताना चाचा दोन बादल्या पाणी आणि फिनेल टाकत. मावशी पहाटे यायच्या तेव्हा फरशी ओलसर असे आणि अंड्याचा वास नसे.

या यादीसाठीचे सर्वेक्षण उन्हाळ्यात झाले होते. पालिकेचे कर्मचारी सकाळच्या वेळात मोबाइल घेऊन फिरले. प्रत्येक गाडीजवळ विक्रेत्याला उभे करून फोटो काढला, आधार कार्ड पाहिले आणि एक प्रश्न विचारला: इथे आणखी कोणी बसते का? मावशींनी कोणी नाही असे सांगितले. फोटो काढणाऱ्या कर्मचाऱ्यानेच हे मला नंतर सांगितले. त्याने उत्तर होते तसे भरले होते.

या बाजारात पालिकेच्या माणसासमोर दुसऱ्याचे नाव घेत नाहीत. अतिक्रमण पथक यायचे तेव्हा पहिला प्रश्न हाच असे, की ही गाडी कोणाची, तो कुठे गेला. ज्याचे नाव कोणी सांगितले त्याची गाडी ट्रॅक्टरवर चढायची. त्यामुळे माहीत नाही, कोणी नाही, आत्ताच गेला, ही उत्तरे सगळ्यांना पाठ होती. सर्वेक्षणातला प्रश्न मावशींनी तसाच ऐकला आणि उत्तरही तसेच दिले. चाचांची गाडी वाचवण्यासाठी.

यादी लागली त्या संध्याकाळी चाचा नोटीस बोर्डासमोरून सरळ गाडीवर आले आणि त्यांनी रोजच्यासारखी तव्याखाली आच लावली. शेजारचा चहावाला त्यांना म्हणाला, "चाचा, नाव नई म्हणजे तुम्ही भूत शेतस. भूतले लायसन लागत नई."

"मंग आजपाईन चहाना पैसा बी भूतकडथून ले," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहावाल्याने मावशींनाही टोमणा मारला. आता दोन्ही वेळा तुझ्याच, संध्याकाळी भजी काढ, असे तो म्हणाला. मावशींनी पोह्यांवर झाकण ठेवले आणि शेवेची पिशवी उघडली.

त्याच आठवड्यात पथक आले. जप्ती केली नाही. चाचांना गाडी मैदानामागे न्यायला सांगितले आणि त्यांनी ती नेली. नव्या क्षेत्रात पांढऱ्या पट्ट्यांनी चौकोन आखलेले होते, दिवा होता, पाण्याचा नळ होता. संध्याकाळी तिथे चरून परतणाऱ्या शेळ्यांखेरीज कोणी येत नसे. बसची वाट बघणारा माणूस बस दिसणार नाही इतक्या लांब जात नाही. मी दोनदा तिकडे जाऊन खाल्ले. दुसऱ्या वेळी चाचांनी अंड्यांचे अख्खे ट्रे जसेच्या तसे परत बांधले.

बसस्थानकासमोरची जागा संध्याकाळी रिकामी राहू लागली. सकाळी मावशी येत तेव्हा फरशी कोरडी असे. तरी त्या बादलीभर पाणी टाकून घेत.

यादीवर हरकत घेण्याची सोय होती. चाचांनी हरकत घेतली. पालिकेने पुरावा मागितला. बाजार फीची पावती हा पुरावा धरला जात होता, पण पावती रोज जागेला एकच फाटायची आणि ती सकाळीच फाटायची. सगळ्या पावत्या मावशींकडे होत्या. चाचा तिथे बसत होते हे कागदावर कुठेच नव्हते. ते सांगू शकेल आणि पालिका ऐकेल असे एकच माणूस उरत होते, ते म्हणजे त्या जागेचे प्रमाणपत्र मिळालेल्या मावशी. पण सर्वेक्षणात खोटी माहिती दिल्यास प्रमाणपत्र रद्द होईल, असे त्या प्रमाणपत्राच्या मागेच छापलेले होते. मावशींच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

चहावाल्याने चाचांना सुचवले की मावशीला सांगा, येऊन बोल म्हणा. चाचा म्हणाले, "तिले कसाले ईचारू? तिन्हं बी जाई."

त्यांनी विचारले नाही. मावशीही काही बोलल्या नाहीत. सुनावणीची तारीख लागेपर्यंत असेच चालले. या काळात दोघे एकमेकांना भेटल्याचे कोणी पाहिले नाही. चाचांचा मार्ग आता मैदानाकडून होता.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. पथविक्रेता समितीचे अध्यक्ष म्हणून मुख्याधिकारी होते. ते कोल्हापूरकडून बदलून आलेले. डावीकडे वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधी आणि पालिकेचे अभियंता, उजवीकडे विक्रेत्यांमधून निवडून आलेले सदस्य. पत्रकारांसाठी मागे बाक होता. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गाडी त्या दिवशी लवकर बंद केली होती हे त्यांच्या हातातल्या उरलेल्या पोह्यांच्या डब्यावरून कळत होते.

चाचांची हरकत पुकारली गेली. अनेक वर्षे संध्याकाळी त्या जागेवर बसतो, एवढेच त्यांनी सांगितले. अभियंत्यांनी भिंतीवर सर्वेक्षणाचा फोटो दाखवला. त्यात गाडी होती, काचेचा डबा होता, मावशी होत्या आणि कोपऱ्यात वेळ आणि ठिकाण छापलेले होते. पुराव्याअभावी हरकत फेटाळावी लागेल, असे मुख्याधिकारी म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद उचलला.

तेव्हा मावशी उठल्या.

"साहेब, माले ईचारं व्हतं. मी नई सांगं. नाव सांगं म्हणजे गाडी उचली लई जातस, असं आम्ले माहीत. तो संध्याकायले तठेच बसस. मन्हा पहिलेपाईन बसस."

मुख्याधिकाऱ्यांना सगळे कळले नाही. शेजारच्या लिपिकाने मराठीत सांगितले. त्यांनी मावशींना पुन्हा बसायला सांगितले आणि मग विचारले, "चुकीची माहिती दिली तर तुमचं प्रमाणपत्र रद्द होतं, हे ठाऊक आहे का?"

"माहीत शे. म्हणीसनच इतला दिन बोलनू नई."

चाचा खाली फरशीकडे बघत होते. मग विक्रेत्यांच्या सदस्यांपैकी केळीवाले गृहस्थ बोलले. "साहेब, दुपारनंतर माझ्या जागेवर माझा साडू बसतो. मी पण सांगितलं नाही."

"साडूचं नाव लपवायला कारण लागत नाही," पलीकडचा सदस्य म्हणाला. सभागृह हसले. मुख्याधिकारीही हसले आणि मग त्यांनी केळीवाल्यांना विचारले की असे आणखी किती असतील. ते म्हणाले की आकडा सांगता येणार नाही, पण सर्वेक्षण सकाळी झाले आणि अर्धा बाजार संध्याकाळी लागतो. मुख्याधिकाऱ्यांनी लिपिकाकडे पाहिले. लिपिक याच गावचे. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

वाहतूक पोलिसांच्या प्रतिनिधीने संध्याकाळच्या गर्दीची अडचण मांडली. ती नोंदवून घेण्यात आली. बसस्थानकासमोर संध्याकाळचे सर्वेक्षण नव्याने करायचे आणि तोपर्यंत चाचांच्या हरकतीवरचा व मावशींच्या प्रमाणपत्रावरचा निर्णय राखून ठेवायचा, असे ठरले. बाहेर पडताना चाचा मावशींना एवढेच म्हणाले, "बाई, तू कसाले बोलनी?" मावशींनी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि पोह्यांना कढीपत्ता घ्यायचा राहिला आहे, असे सांगून त्या बाजाराकडे गेल्या.

संध्याकाळचे सर्वेक्षण थंडी कमी होताना झाले. नियमाप्रमाणे फोटो जागेवरच हवा होता, म्हणून ज्या पथकाने चाचांची गाडी हलवली होती त्याच पथकाने ती त्या दिवसापुरती परत आणायला सांगितली. चाचा मैदानापासून बसस्थानकापर्यंत गाडी ढकलत घेऊन आले. फोटो काढण्यासाठी त्यांनी तव्यावर एक आम्लेट टाकले. कर्मचाऱ्याने फोटो घेतला, आधार कार्ड पाहिले आणि गाडी परत न्यायला सांगितले. तोपर्यंत तव्याभोवती माणसे उभी राहिली होती. त्यात ओटीत पोर घेतलेली एक बाई होती. ती कंडक्टरला थांब म्हणून ओरडून आली होती. पथकातल्या जमादाराने घड्याळ पाहिले आणि लोकांचे खाणे होऊ द्या, असे तो म्हणाला. त्यानेही एक प्लेट घेतली.

समितीची पुढची बैठक होळीच्या आधी झाली. एकाच जागेवर वेगवेगळ्या वेळी बसणाऱ्यांना वेळ वाटून स्वतंत्र प्रमाणपत्रे देण्याचा निर्णय एकमताने झाला. मावशींनी सर्वेक्षणात दिलेल्या माहितीबद्दल त्यांना समज देण्यात आली. प्रमाणपत्र रद्द झाले नाही. चाचांच्या प्रमाणपत्रावर संध्याकाळी पाच ते रात्री दहा अशी वेळ टाकली आहे. अंडी झाकून ठेवावीत आणि सांडपाणी गटारीत सोडू नये, अशा दोन अटी आहेत.

होळीला सातपुड्यातली माणसे ऊसतोडीवरून घरी परततात. त्या आठवड्यात सुरतेकडून येणाऱ्या बस भरून येत होत्या. चाचांची गाडी जुन्या जागेवर होती.

सकाळची वेळ घालून दुरुस्त करण्यासाठी मावशींचे प्रमाणपत्र पालिकेने परत मागवले. त्यांनी ते त्याच दिवशी नेऊन दिले. दुरुस्त प्रमाणपत्र त्यांना अद्याप मिळालेले नाही. पोह्यांची गाडी तरीही रोज सकाळी लागते.