सोनपेठचा फाटा

माझ्या सासूबाई, कमलबाई, कितीतरी वर्षं बंद मोटार चालवत होत्या. हे ऐकलं की लोक हसतात. खुशाल हसा, पण आधी पुरतं ऐकून घ्या.

आमचं गाव जिंतूरजवळ. मामंजींनी, म्हणजे माझे सासरे दिनकरराव यांनी, एकोणऐंशी साली परभणीच्या एका वकिलाची जुनी अँबॅसिडर घेतली. हौस दांडगी, पण चालवता येत नव्हती. शिकायचं तर ट्रॅक्टरवरच्या भुजंगकडून शिकावं लागणार, आणि आपल्याच गड्यासमोर चुका कोण करणार? त्यामुळं ट्रॅक्टरही भुजंगच चालवायचा आणि मोटारही भुजंगच.

दर उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की सगळं घर परळीला आणि तिथून तुळजापूरला निघायचं. एवढी माणसं मोटारीत मावणार कशी? मग ट्रॉलीवर बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, खाली गाद्या, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचं पिंप, पिठाचा डबा. चालतंबोलतं घरच ते. पण देवाच्या गावात ट्रॉलीतून उतरायला मामंजींना कमीपणा वाटायचा. तिथं मिरवायला मोटार हवी, आणि ड्रायव्हर तर एकच. म्हणून ट्रॉलीच्या मागं जाड दोरानं मोटार बांधून न्यायची.

बांधलेल्या मोटारीतही स्टिअरिंगवर कुणीतरी लागतंच. ट्रॅक्टर हळू झाला की दोर सैल पडतो. ब्रेक वेळेवर दाबला नाही तर मोटार ट्रॉलीवर आदळते, उगाच दाबला तर दोर तुटतो. माझ्या दिरांनी दोन्ही प्रकार करून दाखवले. वर ट्रॉलीमागची सगळी धूळ नाकातोंडात. शेवटी मामंजी सासूबाईंना म्हणाले, तू बस, नुसतं धरून तर बसायचंय. घरात कुणालाच नको असलेलं काम कुणाच्या पदरात पडतं, हे मी सांगायला नको.

सासूबाई बसल्या, आणि त्यांच्या हातून दोर कधी तुटला नाही. मी सून होऊन आले तेव्हा त्यांच्या शेजारची जागा मला मिळाली. तोंडाला पदर गुंडाळून आम्ही दोघी दिवसभर बोलत असायचो. घरात चारचौघांत सासूशी बोलायला मिळतं कुठं? खरं सांगते, माझी त्यांच्याशी ओळख त्या मोटारीतच झाली.

नर्मदामावशी मला तिथंच कळल्या. त्या सासूबाईंच्या थोरल्या बहीण, सोनपेठला दिलेल्या. आई लवकर गेल्यावर त्यांनीच सासूबाईंना लहानाचं मोठं केलं. आता त्यांचे गुडघे गेले होते, त्यांचं येणं थांबलं होतं. परळीच्या रस्त्याला गंगाखेड ओलांडलं की सोनपेठचा फाटा लागतो. सासूबाई दर वर्षी विचारायच्या, मामंजी दर वर्षी म्हणायचे, येताना जाऊ. येताना सगळे थकलेले, गुरांची आठवण आलेली, ट्रॉली सरळ घराकडं. फाटा मागं पडला तरी सासूबाई आरशातून त्याच रस्त्याकडं बघत राहायच्या. मला मामंजींचा राग यायचा, आणि निमूट राहतात म्हणून त्यांचाही यायचा.

पण त्या अगदीच निमूट नव्हत्या. मोटारीची बॅटरी कायम उतरलेली. मुक्कामी पोचलं की भुजंग ट्रॅक्टरनं ओढायचा आणि सासूबाई गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन चालू करायच्या. चालू झालेली गाडी लगेच बंद कशाला करायची, म्हणून मामंजी दर्शनाच्या रांगेत असताना मैदानात चकरा व्हायच्या. शेजारी भुजंग. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मालक सोडून.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात निघण्याच्या आदल्या दिवशी सोनपेठहून निरोप आला, मावशींनी अंथरूण धरलंय, कमलची आठवण काढतात. मामंजींचं उत्तर ठरलेलं. परळीचा अभिषेक सांगून ठेवलाय, येताना नक्की जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मोटारीत जाऊन बसल्या.

गंगाखेडला चहासाठी थांबलो. सगळे हॉटेलाकडं निघाले तशा सासूबाई उतरल्या आणि मामंजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दोर बांधला की ट्रॅक्टर जाईल तिकडंच जावं लागतंय. आज दोर सोडा. मी अक्काकडं जायलेय."

मामंजी हसले. म्हणाले, अन् गाडी काय देव चालवणार? सासूबाईंनी किल्लीसाठी हात पुढं केला. मामंजींनी भुजंगकडं पाहिलं. भुजंग ट्रॅक्टरचं चाक न्याहाळत म्हणाला, "बाईला येतंय मालक. लय दिसापासून येतंय."

मामंजींचा चेहरा पडला. बायकोला मोटार येते याचं दुःख होतं की सगळ्यांनी लपवलं याचं, देव जाणे. त्यांनी चहा संपवला, कप ठेवला, बंडीतून किल्ली काढून सासूबाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, पण मीही गाडीत बसणार. भुजंगनं ओढून इंजिन चालू करून दिलं, दोर सोडला, आणि ट्रॉली परळीकडं गेली.

मी मागच्या सीटवर होते. सासूबाई बैलगाडीच्या बेतानं चालवत होत्या, मागून एस.टी. आली की मुकाट बाजू द्यायच्या. मामंजी समोरची फळी दोन्ही हातांनी धरून बसले होते. सुरुवातीला, जरा दमानं, गडी आडवा येतोय, असं चाललं होतं. फाट्यावर सासूबाईंनी गाडी बेतानं वळवली, तेव्हापासून तेही थांबलं. इंजिन मध्येच बंद पडलं तर धक्का मारायला माणूस आहे, एवढाच मला त्यांचा आधार वाटत होता. तशी वेळ मात्र आली नाही.

मावशींच्या दारात गाडी थांबली. मामंजी आधी आत गेले, पाठोपाठ आम्ही. मावशी बाजेवर होत्या, अगदी वाळून गेलेल्या. आम्हाला पाहून कशाबशा कोपरावर उठल्या.

"दिनकरराव, आनलं का शेवटाला माज्या कमलला?"

मामंजी टोपी काढून घाम पुसत होते. पुसता पुसता थांबले.

"मी न्हाई आनलं, अक्का. तिनं मला आनलंय."